बुद्धिबळाच्या पटावरील वीस अंकी संख्या : कथेपलीकडचे गणित

१८४४६७४४०७३७०९५५१६१५ ही वीस अंकी संख्या बहुतेक वाचकांच्या ऐकिवात असते, परंतु ती कथेमुळे, गणितामुळे नव्हे. बुद्धिबळाचा शोध लावणाऱ्या सिस्सा नावाच्या पंडिताने राजाकडे बक्षीस म्हणून गहू मागितला : पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, याप्रमाणे चौसष्टाव्या घरापर्यंत प्रत्येक वेळी दुप्पट. राजा हसला आणि मग त्याचे कोठार रिते झाले. तेराव्या शतकातील अरबी चरित्रकार इब्न खल्लिकान यांनी ही कथा नोंदवून ठेवली आहे. दाण्यांची एकूण बेरीज म्हणजे २ चा ६४ वा घात उणे १, अर्थात वर दिलेली संख्या.

हिचा आकार समजावून सांगण्याचे प्रकार अनेक आहेत. गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन ४० ग्रॅम धरले तर हा गहू सुमारे ७३ हजार ८०० कोटी टन भरेल. आज साऱ्या जगात वर्षाला सुमारे ८० कोटी टन गहू पिकतो. तेव्हा राजाला नऊशेहून अधिक वर्षांचे जगाचे पीक द्यावे लागले असते. मराठीत ही संख्या वाचायची झाल्यास कोटी आणि अब्ज अपुरे पडतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त दिलेली अठरा स्थानांची नावे वापरली, तर ती १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज, ७० कोटी, ९५ लाख, ५१ हजार ६१५ अशी होते. परार्ध हे त्या यादीतील शेवटचे स्थान. पटावरच्या दाण्यांनी तेही १८४ पट ओलांडले आहे.

कथा सांगणारे येथेच थांबतात. वस्तुतः आकार हा या संख्येचा सर्वांत सामान्य गुण होय. वीस अंकी संख्या असंख्य आहेत असे म्हणण्याइतक्या आहेत. या एका संख्येचे वैशिष्ट्य तिच्या आत, तिच्या अवयवांत आहे. तेथे एका थोर गणितज्ञाची प्रसिद्ध चूक दडलेली आहे आणि संगणकावर चालणाऱ्या आपल्या बँक-व्यवहारांपर्यंत जाणारा एक धागाही आहे.

सहा वेळा वर्ग

प्रथम ही संख्या काढायची कशी ते पाहू. चौसष्ट वेळा दुप्पट करीत बसण्याची गरज नाही. २ चा वर्ग ४, त्याचा वर्ग १६, त्याचा २५६, त्याचा ६५५३६, त्याचा ४२९४९६७२९६ आणि त्याचा वर्ग १८४४६७४४०७३७०९५५१६१६. सहा गुणाकारांत २ चा ६४ वा घात हाती येतो. त्यातून १ वजा केला की काम संपले.

ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु आणि गुरू अक्षरांच्या मांडण्या किती होतील हे मोजण्यासाठी ती आली. दहाव्या शतकात हलायुधाने तिचे विवरण केले. एका अक्षराला दोन पर्याय असतात, म्हणून चौसष्ट अक्षरांच्या चरणात जितक्या मांडण्या संभवतात, ती संख्या म्हणजे पटावरच्या बेरजेहून बरोबर एकने मोठी. इ. स. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी (चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखातून ज्यांच्या घराण्याची माहिती मिळते, तेच हे भास्कराचार्य) गुणोत्तर श्रेढीच्या बेरजेसाठी हाच नियम ‘लीलावती’त दिला. पदांची संख्या विषम असेल तर एक वजा करून ‘गुण’ अशी खूण करावी, सम असेल तर निम्मी करून ‘वर्ग’ अशी खूण करावी. संख्या संपली की शेवटच्या खुणेपासून उलटे येत प्रत्येक ‘गुण’पाशी गुणाकार आणि प्रत्येक ‘वर्ग’पाशी वर्ग करावा. ६४ ला सहा वेळा निम्मे करता येते, म्हणून सहा वर्ग. हा नियम वाचकांनी ध्यानात ठेवावा. लेखात पुढे तो एका अनपेक्षित ठिकाणी भेटणार आहे.

बुद्धिबळाच्या पटावरील ही बेरीज अल्-बिरूनी यांनी इ. स. १००० च्या सुमारास, भारतात येण्यापूर्वीच, आपल्या कालगणनेवरील ग्रंथात अचूक दिली होती. त्यांनीही वर्ग करत जाण्याचाच मार्ग धरला. आज मात्र ही संख्या छापताना हमखास गफलत होते. कोणी शेवटी १५ ऐवजी १६ लिहितो, कोणी मधला शून्य गाळतो. संगणकावर ताडून पाहावे म्हटले, तर एक्सेलसारखी सॉफ्टवेअर पहिले पंधरा अंकच सांभाळतात आणि १८४४६७४४०७३७०९६००००० असे उत्तर दाखवून मोकळी होतात. हजार वर्षांपूर्वीच्या अल्-बिरूनींचे उत्तर त्याहून काटेकोर होते.

सात मूळ अवयव

आता संख्या आतून उघडू. शाळेत शिकलेले एकच सूत्र पुरते : दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. आपली संख्या २ चा ६४ वा घात उणे १ असल्याने ती (२ चा ३२ वा घात अधिक १) आणि (२ चा ३२ वा घात उणे १) यांचा गुणाकार होय. दुसऱ्या कंसाला पुन्हा तेच सूत्र लावता येते आणि पुन्हा पुन्हा लावत गेल्यावर हाती येते ते असे :

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

या सहाही संख्या एकाच साच्याच्या आहेत. वर सहा वर्गांची जी साखळी सुरू केली, तिच्यातील २, ४, १६, २५६, ६५५३६ आणि ४२९४९६७२९६ या संख्यांत प्रत्येकी एक मिळवला की हे सहा अवयव होतात. पहिले पाच मूळ आहेत, म्हणजे एक आणि स्वतः यांखेरीज त्यांना विभाजक नाही. सहावा मूळ नाही. तो ६४१ आणि ६७००४१७ या दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे. त्यामुळे पटावरच्या संख्येचे मूळ अवयव सात : ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७ आणि ६७००४१७. यांपैकी कोणताही दोनदा येत नाही, म्हणून तिचे एकूण विभाजक २ चा ७ वा घात, म्हणजे १२८ भरतात. पडताळ्याला हाताशी काही नसेल तर निदान इतके पाहावे : तिच्या अंकांची बेरीज ८७ येते, म्हणून ३ ने भाग जातो आणि ९ ने जात नाही, शेवटी ५ असल्याने ५ ने भाग जातो, शेवटचे दोन अंक १५ असल्याने २५ ने जात नाही.

सहावा अवयव मूळ नाही, हे वाक्य वर सहज लिहून टाकले. ते कळायला गणिती जगाला जवळपास शंभर वर्षे लागली.

फर्मा यांचा अंदाज

पिएर द फर्मा हे फ्रान्समधील तुलूझचे न्यायाधीश. गणित हा त्यांचा फावल्या वेळेचा उद्योग होता, पण त्यांच्या तोडीचा संख्याशास्त्री त्या काळात युरोपात दुसरा नव्हता. १६४० मध्ये त्यांनी पत्रांतून असे मत मांडले की, २ पासून सुरू करून वर्ग करत जावे आणि प्रत्येक वेळी एक मिळवावा, म्हणजे मिळणारी प्रत्येक संख्या मूळच असेल. ३, ५, १७, २५७, ६५५३७ : पाचही मूळ. सिद्धता आपल्यापाशी नाही हे ते प्रांजळपणे कबूल करत, पण खात्री मात्र पुरेपूर होती. आज या संख्यांना फर्मा संख्या म्हणतात.

१ डिसेंबर १७२९ रोजी क्रिस्टियान गोल्डबाख यांनी तरुण लेओनहार्ड ऑयलर यांना पत्राने विचारले, फर्मा यांचे हे म्हणणे आपणांस ठाऊक आहे काय? ऑयलर यांनी १७३२ मध्ये उत्तर दिले : सहावी फर्मा संख्या, ४२९४९६७२९७, हिला ६४१ ने नि:शेष भाग जातो. ऑयलर यांनी भराभर भागाकार करून हे शोधले नाही. अशा संख्येला भागणारी मूळ संख्या ६४ च्या पटीहून एकने मोठी असलीच पाहिजे, हा नियम त्यांनी पुढे सिद्धही केला. या चाळणीतून उरणाऱ्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ अशा येतात. म्हणजे पाचव्या प्रयत्नात निकाल!

भागाकार न करताही हे पटवून देता येते आणि ती युक्ती इतकी सुरेख आहे की ती दिल्यावाचून पुढे जाववत नाही. ६४१ म्हणजे ५ × १२८ अधिक १. म्हणून ५ × १२८ ला ६४१ ने भागले तर बाकी उणे १ मानता येईल. १२८ हा २ चा ७ वा घात. दोन्हीकडे चौथा घात केला की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, याची बाकी १ उरते. परंतु ६४१ म्हणजेच ६२५ अधिक १६. तेव्हा ६२५ च्या जागी उणे १६, अर्थात उणे २ चा ४ था घात, ठेवता येतो. मग उणे २ चा ३२ वा घात याची बाकी १; म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १ याला ६४१ ने पूर्ण भाग जातो. इति सिद्धम्.

फर्मा यांची ही चूक का झाली, हे आजही कोडेच वाटते. विभाजकांना असे साचे असतात हे त्यांच्याच संशोधनातून निघते. त्यांच्याइतक्या हिशेबी माणसाला ६४१ चा भागाकार अर्ध्या तासाचेही काम नव्हते. प्रस्तुत लेखकाला वाटते, पाच उदाहरणांच्या ओळीने त्यांना गाफील केले असावे. ओळ मात्र पाचावरच संपली. त्यानंतर तपासलेली एकही फर्मा संख्या आजवर मूळ निघालेली नाही.

या पाच मूळ संख्यांना भूमितीतही मान आहे. १७९६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, कार्ल फ्रीडरिश गाऊस यांनी केवळ पट्टी आणि कंपास वापरून सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो असे दाखविले. विषम बाजूंचा बहुभुज असा काढायचा तर बाजूंची संख्या ही वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असावी लागते. पाचही एकदम गुणल्या की ४२९४९६७२९५ येतात. ज्ञात असलेला याहून अधिक विषम बाजूंचा रचनायोग्य बहुभुज नाही. पटावरची संख्या स्वतः मात्र या मानाला मुकते, कारण तिच्या पोटात ६४१ आहे. ६५५३७ बाजूंच्या बहुभुजाची रचना योहान हेर्मेस यांनी दहा वर्षे खपून लिहून काढली आणि १८९४ मध्ये तिचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. ते बाड गटिंगेन विद्यापीठात जपून ठेवलेले आहे. ते वाचून कोणी बहुभुज काढला असेल असे संभवत नाही.

दोन पावलांवरचा शेजारी

आपल्या संख्येत २ मिळवा. १८४४६७४४०७३७०९५५१६१७ येते. ही २ चा ६४ वा घात अधिक १, म्हणजे सातवी फर्मा संख्या. आकाराने दोघी जुळ्या म्हणाव्यात अशा. परंतु अवयव पाडायला गेल्यास स्वभाव अगदी वेगळा. दोन वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र येथे चालत नाही, कारण येथे बेरीज आहे. आधीचे सात अवयवही कामाचे नाहीत : दोन्ही संख्या विषम असून त्यांत फरक अवघा २ चा, तेव्हा दोघींना सामाईक असा १ खेरीज विभाजक असूच शकत नाही. (याच निरीक्षणावरून गोल्डबाख यांनी मूळ संख्या अनंत आहेत याची एक देखणी सिद्धता दिली. प्रत्येक नव्या फर्मा संख्येला नवे मूळ अवयव शोधावेच लागतात.)

पाऊण मिनिटात एकीचे सहा तुकडे झाले; दुसरीचे दोन तुकडे करायला १८८० साल उजाडले. त्या वर्षी फोर्त्युने लांद्री यांनी वयाच्या ८२ व्या वर्षी २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१ अशी फोड प्रसिद्ध केली. हेच उत्तर थॉमस क्लाउसेन यांनी १८५५ मध्ये गाऊस यांना पत्राने कळविले होते, ही गोष्ट विसाव्या शतकात उजेडात आली. लांद्री यांच्या दोनच वर्षे आधी एदुआर ल्यूका यांनी ऑयलर यांची चाळणी अधिक बारीक केली होती. या चाळणीनुसार सातव्या फर्मा संख्येचा विभाजक २५६ च्या पटीहून एकने मोठा हवा. २७४१७७ हा त्या यादीतला १०७१ वा उमेदवार.

हे ल्यूका म्हणजे १८८३ मध्ये ‘हनोईचा मनोरा’ हा तीन खुंट्या आणि चकत्यांचा खेळ काढणारे गृहस्थ. काशीच्या मंदिरात सोन्याच्या ६४ चकत्या पुजारी अहोरात्र हलवीत आहेत आणि काम संपताच जगाचा अंत होईल, ही त्या खेळाला जोडली गेलेली कथा फ्रान्समध्येच रचली गेली. आपल्याकडे ती कधी कधी प्राचीन परंपरा म्हणून सांगितली जाते, ते खरे नव्हे. हिशेब मात्र चोख आहे. ६४ चकत्यांना किमान खेळ्या लागतात त्या नेमक्या १८४४६७४४०७३७०९५५१६१५. सेकंदाला एक या वेगाने ५८ हजार कोटींहून अधिक वर्षे लागतील. विश्वाचे आजचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे.

बँकेच्या कुलपात ६५५३७

आजच्या बहुतेक संगणकांत आणि मोबाइलमध्ये एक पूर्णांक ६४ बिटांत साठवतात. प्रत्येक बिट ० किंवा १. सर्व बिट १ असले की होणारी संख्या म्हणजे हीच पटावरची बेरीज. ऋण चिन्हाला जागा न ठेवता ६४ बिटांत मावणारी ती सर्वांत मोठी संख्या होय. तिच्यात एक मिळवला की मोजणी शून्यावर येते. ३२ बिटांची मर्यादा किती तोकडी पडते हे २०१४ मध्ये दिसले : ‘गंगनम स्टाइल’ या कोरियन गाण्याच्या प्रेक्षकसंख्येसाठी यूट्यूबला आपला मोजणीयंत्रणेचा आकडा ६४ बिटांवर न्यावा लागला.

याहून महत्त्वाचा धागा गुप्ततेचा आहे. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी सुचविलेल्या आरएसए पद्धतीत दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार सर्वांना उघड सांगितला जातो. त्याचे अवयव मात्र गुप्त राहतात. गुणाकार सोपा, फोड अवघड, या एका विषमतेवर सारी सुरक्षितता उभी आहे. येथेच पटावरची संख्या आणि तिचा शेजारी यांची गोष्ट कामाला येते. मोठे असणे म्हणजे फोडायला अवघड असणे नव्हे. पटावरची संख्या वीसऐवजी वीस हजार अंकी असती, तरी तिच्या साच्यामुळे तिचे बरेच तुकडे क्षणात झाले असते. म्हणून कुलपासाठी निवडलेल्या मूळ संख्या कोणत्याही साच्यात न बसणाऱ्या, यदृच्छेने निवडलेल्या असाव्या लागतात आणि हा नियम न पाळल्यास कितीही अंक वाढवून उपयोग होत नाही. १९७७ मध्ये आव्हान म्हणून जाहीर झालेली १२९ अंकी संख्या १९९४ मध्ये शेकडो स्वयंसेवकांच्या संगणकांनी मिळून फोडली; २०२० मध्ये २५० अंकी संख्या फुटली. व्यवहारात सर्रास वापरल्या जाणाऱ्या संख्या ६१७ अंकी असतात. क्वांटम संगणक पुरेसा मोठा झाला तर त्याही सुरक्षित राहणार नाहीत, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवून दिले आहे.

आरएसए पद्धतीत संदेश कुलूपबंद करताना त्याचा एक ठरावीक घात करावा लागतो. हा घात कोणता? बहुतेक ठिकाणी ६५५३७, म्हणजे पटावरच्या संख्येचा पाचवा फर्मा अवयव. कारण सरळ आहे. ‘लीलावती’चा नियम लावून पाहा : ६५५३७ विषम, एक वजा करून ‘गुण’, उरलेले ६५५३६ सोळा वेळा निम्मे होते, म्हणून सोळा ‘वर्ग’. सोळा वर्ग आणि एक गुणाकार, एवढ्यात घात पूर्ण होतो. संगणकही घात करताना ‘गुण’ आणि ‘वर्ग’ याच जातीच्या पायऱ्या चढतो.

एखादी संख्या मूळ आहे की नाही हे ठरविणे आणि तिचे अवयव सांगणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले काम झटपट करता येते याची निर्विवाद सिद्धता २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. दुसऱ्या कामाला तशी झटपट रीत सामान्य संगणकासाठी अद्याप सापडलेली नाही. या दोहोंतील दरी फर्मा यांच्या रांगेतच पाहायला मिळते. २ चा १०४८५७६ वा घात अधिक १, ही ३ लाख १५ हजारांहून अधिक अंकांची फर्मा संख्या मूळ नाही, हे १९८० च्या दशकातच सिद्ध झाले. तिचा एकही अवयव अद्याप कोणाला ठाऊक नाही. आणि २ चा ८५८९९३४५९२ वा घात अधिक १ ही, सुमारे २५८ कोटी अंकांची, मूळ आहे की नाही हेही अजून ठरलेले नाही. तिच्या आधीच्या सर्व फर्मा संख्यांचा निकाल लागलेला आहे.